चामराजपेटची ठोकाठोक

पत्र्यावर नक्षी उठवण्याचं काम फार सावकाश चालतं. देवामागच्या एका प्रभावळीला दोन-दोन महिने लागतात. तेवढ्या वेळात दुकानात येणारा-जाणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जातो, काहीतरी करून जातो, आणि ते आमच्याकडं साठत राहतं. माझा नवरा गिरीश ऑफिसातून आला की पहिला प्रश्न विचारतो, "आज काय झालं?" काम किती झालं, हे तो विचारत नाही. त्याला ठाऊक आहे, काम कालच्याइतकंच झालेलं असणार.

आधी माणसं सांगते. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या पणजोबांपासून हे घराणं बेंगळुरूच्या चामराजपेटात आहे, त्यामुळं त्यांच्या मराठीत कानडी 'स्वल्प' आणि 'सरी' कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं, ते त्यांनाही सांगता येणार नाही. बसप्पा हे आमचे मेस्त्री. मूळचे गदगकडचे, चाळीसेक वर्षं अण्णांच्या समोर बसून काम करतात आणि दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात. तिसरी मी. निपाणीची. लग्नानंतर दोन वर्षं बँकेत नोकरी केली, मग ती सोडून इथं ऑर्डरी आणि फोन सांभाळायला बसले, त्याला आता नऊ वर्षं झाली.

काम असं: तांब्याचा किंवा चांदीचा पत्रा तापवून मऊ करायचा, राळेच्या घट्ट थरावर चिकटवायचा, आणि बोथट तोंडाच्या छिन्नीवर हातोडी मारत मारत मागून फुगवटा काढायचा. मग पत्रा उलटा करून पुढून रेषा काढायच्या. काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही. नुसतं ठोकायचं.

*

पहिल्या वर्षी मी अण्णांना म्हटलं, "मलाही शिकवा."

अण्णांनी तळहाताएवढा तांब्याचा तुकडा दिला आणि म्हणाले, "एक पान कर. पिंपळाचं."

एक पान करायला मला तीन आठवडे लागले. दोनदा पत्रा फाटला, एकदा अंगठा. तिसऱ्या तुकड्यावर शिरा आल्या, टोक आलं, देठसुद्धा आला. मी ते चिंचेनं घासून लख्ख केलं आणि बसप्पांच्या समोर ठेवलं. अण्णा कौतुक करणार हे मला माहीत होतं, ते सासरे आहेत. मला बसप्पांचं मत हवं होतं.

त्यांनी पान उचललं, उलटं करून पाठ बघितली, बोटानं कडा चाचपली आणि बाजूला ठेवलं. हातोडी उचलून पुन्हा कामाला लागले. मी दुपारभर मनातल्या मनात कुढत बसले. चार वाजता चहा आला. बसप्पांचा ग्लास नेहमी निवतो, कारण हातातलं काम संपल्याशिवाय ते चहाला हात लावत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझं पान उचललं आणि ग्लासावर झाकण म्हणून ठेवलं.

दहा मिनिटांनी चहा प्यायले आणि म्हणाले, "चांगलं झालंय अक्का. वाफ बाहेर जात नाही."

ते पान अजून त्यांच्याकडंच आहे. मी मागितलं, तर देत नाहीत.

*

आमच्या वरच्या मजल्यावर निखिल नावाचा पुण्याचा मुलगा भाड्यानं राहायला आला. सॉफ्टवेअरमधला, घरून काम करणारा. चौथ्या दिवशी खाली आला. चेहऱ्यावरून वाटत होतं, तो तीन दिवस हे बोलणं पाठ करत होता.

"काका, तुमचं काम आहे, मला मान्य आहे. पण मी कॉलवर असतो आणि मागं टक टक टक. क्लायंट विचारतो, तुझ्याकडं कन्स्ट्रक्शन चाललंय का?"

मला वाटलं, आता वाद होणार. अण्णांनी त्याला स्टूल दिलं, कॉफी मागवली आणि विचारलं, "तुझी महत्त्वाची मीटिंग किती वाजता असते?"

"रोज अकरा ते साडेअकरा."

"सरी. अकरा ते साडेअकरा आम्ही राळ तापवतो. आवाज नाही. बाकीचा वेळ तू स्वल्प सांभाळून घे."

आणि खरंच तसं ठरलं. बसप्पा घड्याळाकडं बघून अकराला हातोडी खाली ठेवायचे. वर्षभर एकाही दिवशी चुकले नाहीत. बाकी वेळ निखिल फोन म्यूट करायचा, कधी विसरायचा.

मग दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा केली आणि चार दिवस कारखाना बंद ठेवला. पाचव्या दिवशी निखिल खाली आला, तो जरा वैतागलेलाच.

"काका, सुट्टी घ्यायची असेल तर मला आधी सांगत जा."

"का? शांतता होती की."

"तीच तर भानगड झाली. माझ्या मॅनेजरनं दोनदा विचारलं, 'आज आवाज नाही, तू घरी नाहीस का?'"

*

होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचं काम आमच्याकडं आलं. ती कंपनी लिफ्ट बनवते. कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये आतल्या भिंतीला तांब्याचे पत्रे लावायचे होते, आणि हॉटेलच्या डिझायनर बाईंना ते हातानं ठोकलेले हवे होते. सगळ्या पत्र्यावर हातोडीचे छोटे छोटे खळगे, जसे जुन्या बंबावर असतात तसे.

दिसायला हे सोपं काम, पण सगळ्यांत जीव काढणारं. नक्षीत एखादा घाव चुकला, तर तिथं पाकळी काढता येते. इथं लपवायला काहीच नाही. बसप्पांनी दीड महिना दुसरं काम घेतलं नाही. संध्याकाळी त्यांचं मनगट सुजायचं, ते गरम पाण्यात बुडवून बसायचे. बारा पत्रे तयार झाले, तेव्हा अण्णांनी ते भिंतीला टेकवून रांगेत उभे केले. दुपारचं ऊन त्यांच्यावर आलं आणि समोरचा पोळीवाला रस्ता ओलांडून बघायला आला.

पत्रे होसकोटेला गेले. तिसऱ्या दिवशी तेच पत्रे त्याच टेम्पोतून परत आले. प्रत्येकावर लाल स्टिकर. सोबत क्वालिटी विभागाची छापील चिठ्ठी. मी ती उघडून वाचली.

"काय लिहिलंय?" बसप्पांनी विचारलं.

"नापास. बाराच्या बारा. कारण..." मी पुन्हा एकदा वाचून खात्री केली. "कारण, पृष्ठभागावर हातोडीच्या खुणा आढळल्या."

बसप्पांनी चिठ्ठी हातात घेतली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या सुजलेल्या मनगटाकडं बघून मला रडू यायला लागलं. मी तावातावानं फोन लावला. पलीकडं बराच गोंधळ झाला, मग डिझायनर बाई स्वतः लाईनवर आल्या, चार वेळा माफी मागितली आणि संध्याकाळीच दुसरा टेम्पो पाठवला.

पत्रे गेले, पण ती चिठ्ठी अण्णांनी परत दिली नाही. दुसऱ्या दिवशी फ्रेम करून आणली आणि दाराजवळ लावली. मी म्हटलं, "अण्णा, नापासाची चिठ्ठी कुणी लावतं का?"

"अगं, गिऱ्हाईक येतं ते पहिलं हेच विचारतं, हे खरंच हातानं केलेलं आहे का? आता तोंड दुखवायला नको. मोठ्या कंपनीनं तपासून लिहून दिलंय."

*

सर्जापूर रोडच्या एका सोसायटीत पितळेच्या पत्र्याचा नंदी पोचवायचा होता. बसलेला, पण उंची माझ्या कमरेएवढी. मी आणि बसप्पा मालवाहू रिक्षातून घेऊन गेलो. गेटवरच्या सिक्युरिटीनं फोन काढला. तिथं ॲपमध्ये नोंद झाल्याशिवाय कुणी आत जात नाही.

"किती जण?" त्यानं विचारलं.

बसप्पांनी रिक्षात बघितलं आणि म्हणाले, "तिघं."

त्यानं आमचे फोटो घेतले, नंदीचाही घेतला. आम्ही नंदी पोचवला आणि परत आलो. संध्याकाळी सातला मला त्या सिक्युरिटीचा फोन.

"मॅडम, तुम्ही दोघं बाहेर पडलात. तुमचे तिसरे अजून आत दिसतायत. ते किती वेळ थांबणार?"

*

निखिलनं त्याच्या ऑफिसातलं एक जोडपं आमच्याकडं पाठवलं. नुकतंच लग्न झालेलं, दोघंही पुण्याचे. त्यांना देवघरासाठी चांदीचा गणपती हवा होता, डाव्या सोंडेचा. फोनवरून चित्र आलं, मी छापलं आणि पत्र्यावर चिकटवून बसप्पांना दिलं.

इथं माझी चूक झाली. काम पाठीमागून सुरू होतं, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं करून लावायचं असतं. मी सरळ लावलं. बसप्पांनी चित्रात होतं तसं मागून उठवलं, आणि पत्रा पालटला तेव्हा गणपती उजव्या सोंडेचा झालेला.

जोडपं घ्यायला आलं. मुलगी बघून हरखली आणि मग तिचं लक्ष सोंडेकडं गेलं. "किती सुंदर झालाय. पण उजव्या सोंडेचा? त्याचं सोवळंओवळं कडक असतं म्हणतात. आम्ही दोघंही सकाळी आठला बाहेर पडतो. नैवेद्य कोण दाखवणार?"

चूक आमची होती. दुसरा करून देतो म्हटलं आणि दिलाही. प्रश्न पहिल्याचा राहिला. अण्णा म्हणाले, "वितळवू या."

बसप्पांनी मान हलवली. "नाही. डोळे काढून झालेत. आता तो पत्रा नाही."

मग तो गणपती कारखान्याच्या भिंतीवर बसला. आणि त्याचं सगळं नीट व्हायला हवं, हेही बसप्पांनीच ठरवलं. सकाळी आंघोळ केल्याशिवाय हातोडीला हात नाही. कारखान्यात कांदा-लसूण बंद. आता चामराजपेटात संध्याकाळी चारला कांदाभजी बंद म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्यालाच कळेल. शेजारच्या गाड्यावर तेल तापलं की वास सरळ आमच्या खिडकीतून आत यायचा. अण्णा खिडकी लावून घ्यायचे. बसप्पा मान खाली घालून ठोकत राहायचे. सगळ्यांत जास्त भजी तेच खायचे, पण नियमही त्यांचाच, म्हणून त्यांना बोलायचीही सोय नव्हती.

सव्वा वर्षानं ते जोडपं पुन्हा आलं, कडेवर बाळ घेऊन. मुलीचं लक्ष भिंतीकडं गेलं.

"अय्या, हा अजून आहे? आम्हाला द्याल का? सासूबाई आता आमच्याकडंच राहायला आल्यात. त्या दिवसभर घरी असतात, त्यांना अशी पूजाअर्चा हवीच आहे."

अण्णांनी बसप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार, इतके दिवस रोज फूल वाहिलंय. बसप्पा उठले, हात धुतले, गणपतीला नमस्कार केला आणि स्वतः उतरवून मलमलीत गुंडाळला. त्यांना एवढ्या झटपट पॅकिंग करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जोडपं रिक्षात बसलं, रिक्षा वळली. बसप्पांनी खिडकी उघडली आणि बाहेर हाक मारली, "तीन प्लेट. मोठ्या."

*

चाळीस वर्षं हातोडी ऐकून बसप्पांचे कान गेले होते. आम्हाला ते माहीत होतं, त्यांना मान्य नव्हतं. शेवटी त्यांच्या मुलीनं ओढून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हे काम बंद करा."

बसप्पा परत आले ते सरळ जागेवर बसले. हातोडी उचलली, पण ठोकली नाही. तासाभरानं अण्णांना म्हणाले, "मालक, मी कानानं ठोकतो का?"

अण्णांनी नाही म्हटलं. त्या दोघांनी एकमेकांशिवाय काम करून बघितलंच नव्हतं. आठवडाभर घरात जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. मग गिरीशनं दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी मधला मार्ग काढला: ठोकताना कानात बोळे घालायचे, आणि एरवी ऐकायचं मशीन लावायचं.

मशीन आलं. बसप्पांनी लावलं आणि चहाला बसले. अण्णांना काम करताना स्वतःशी पुटपुटायची सवय आहे, वर्षानुवर्षांची. त्या दिवशीही पत्रा तपासता तपासता ते पुटपुटले, "म्हाताऱ्यानं कोपरा परत जाड ठेवला. किती सांगा, ऐकत नाही."

बसप्पांनी ग्लास खाली ठेवला. "मालक, कोपरा मोडू नये म्हणून जाड ठेवतो. आणि मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे."

अण्णांनी पत्रा खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "वैशू, चाळीस वर्षांत मी अजून काय काय बोललो असेन गं?"

*

आणि हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

आनेकलच्या पलीकडच्या एका खेड्यातून देवीच्या मुखवट्याची ऑर्डर आली. त्यांचा जुना मुखवटा झिजून झिजून तडकला होता. त्याचा नीट फोटोही कुणाकडं नव्हता. पंच मंडळी आली, आणि प्रत्येकानं देवीचा चेहरा वेगळा सांगितला. एक म्हणाला रागीट, एक म्हणाला हसरी. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "घरातली वाटली पाहिजे. एवढं बघा."

अण्णांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता, म्हणून चेहरा पूर्ण बसप्पांकडं आला. ते बरेच दिवस नुसते बसून होते. पत्रा समोर, हातोडी मांडीवर. मग एके दिवशी सुरुवात केली. मी समोरच्या टेबलावर फोन घेत होते, बिलं करत होते. मधूनच मान वर केली की ते माझ्या दिशेनं बघत असायचे. मला वाटायचं, माझ्या फोनवरच्या बडबडीचा त्यांना त्रास होतोय. मी आवाज कमी करायचे.

पुढून रेषा काढायची वेळ आली, तेव्हा माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. मी पंधरा दिवस निपाणीला गेले. परत आले, तोवर मुखवटा पुरा होऊन लाल कापडात बांधला होता. पंच बघून गेले होते. अण्णांनी सांगितलं, सगळ्यांना आवडला, एकानं फक्त शंका काढली की डाव्या भुवईत मधेच ही फट कशाला? भुवई अखंड का नाही? बसप्पा त्याला म्हणाले होते, "ती तशीच आहे." आणि तो सरी म्हणून गप्प बसला.

प्रतिष्ठापनेच्या दिवशी आम्ही तिघं टेम्पोतून मुखवटा घेऊन गेलो. कापड गाभाऱ्यात गेल्यावरच सोडायचं, असा तिथला नियम. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. मला मागून नुसता मुकुट दिसला, त्यावरची फुलं दिसली, आणि आरतीचा धूर. बायका दर्शन घेऊन बाहेर येत होत्या. मी चपला सोडल्या होत्या तिथं, लिंबाखाली येऊन उभी राहिले.

पहिली बाहेर आलेली बाई माझ्याकडं बघत बघत पायरी चुकली. दुसरीनं तिसरीला कोपर मारलं. त्या दोघी थांबल्या. मग अजून चार-पाच जणी थांबल्या. मला वाटलं, साडीला काही लागलंय. मी पदर बघितला, मागं हात फिरवून बघितला.

तेवढ्यात त्यांच्यातून एक खूप म्हातारी बाई पुढं आली. वाकलेली, हातात नारळाची वाटी. अगदी जवळ येऊन तिनं मान वर केली आणि माझा चेहरा न्याहाळला. शाळेत असताना मी सायकलवरून पडले होते, तेव्हापासून माझ्या डाव्या भुवईत मधे केस उगवत नाहीत. म्हातारीनं बोट उचललं आणि नेमकं तिथं टेकवलं. तिचं बोट कुंकवानं ओलं होतं.

"होरगे बंद्या, तायी?" ती म्हणाली. बाहेर आलीस होय गं, आई?

तिनं नारळाची वाटी माझ्या हातात ठेवली, माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलाशी बोटं मोडली, आणि आल्या वाटेनं परत निघून गेली. बाकीच्या बायकांनी तिला वाट करून दिली. मलाही.

मी वळून बघितलं. बसप्पा टेम्पोच्या मागं उभे होते. दोरी एकदा बांधून झाली होती, तीच सोडून पुन्हा बांधत होते.

"बसप्पा," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं नाही. "निघू या अक्का," ते म्हणाले. "पुढं ट्रॅफिक लागेल."